एकशे सत्तावीसपर्यंत

पाकीट ओउलूहून आलं तेव्हा ताम्पेरेत दुपारचे तीन
आणि खिडकीबाहेर रात्र.
आत पेनड्राइव्ह, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर ओइवाचं अक्षर:
बर्फफोडी बोट, तिसरा भाग. इम्पी, तू पुरं कर.
अक्षर उताराला लागलेलं.

त्याचा जुना वाद्यवृंद माझ्या संगणकावर चालत नाही.
नवा जोडला, प्ले दाबलं,
आणि खलाशाच्या अंत्ययात्रेत
चौदा चेलो टुणुक टुणुक उड्या मारत निघाले.
मी हसले. एकटीच, बराच वेळ.
दोष कुणाचा नव्हता.
कीबोर्डच्या डाव्या टोकाला काही पट्ट्या असतात,
त्या वाजत नाहीत, नुसते हुकूम सोडतात:
गज ओढा, तार छेडा, थरथरवा, तोडा.
जुन्या घरात लांब गज जिथे राहायचा
तिथे नव्या घरात बोटांनी छेडणारे राहायला आलेत.
चमचे कुठल्या खणात, हे पुन्हा शिकायचं, एवढंच.
कॉफीच्या पुड्यामागे पेन्सिलीने यादी केली,
एकेक हुकूम उचलून नव्या पत्त्यावर नेला.

हुकूम स्वराच्या किंचित आधी पोचावा लागतो,
बोलण्याआधी श्वास घेतो तेवढा आधी.
"उशिरा आला तर तो पुढच्याच्या डोक्यावर बसतो,"
ओइवा सांगायचा, बिस्किट बुडवत.
आणि मींडेने जोडलेले स्वर जात्याच आळशी,
त्यांना साठ मिलिसेकंद आधी उठवायचं,
शाळेच्या पोरांसारखं.

मग चाकाची नोंद उघडली.
डाव्या हाताने चाक पुढे ढकललं की स्वर भरतो,
मागे ओढलं की ओसरतो.
शून्य ते एकशे सत्तावीस. एवढ्याच पायऱ्या,
जो काही शोक असेल तो त्यांत बसवा.
जुन्या फायलींत ओइवाची रेघ म्हणजे
सरोवराचा काठ, घाई नसलेलं वळण.
ह्या फायलीत करवत.
एकसष्ट, चौसष्ट, साठ, पासष्ट, एकसष्ट,
सेकंदाला पाच दात.
केबल सैल असेल म्हणून मी उठलेसुद्धा,
अर्ध्या वाटेत कळलं,
ही नोंद माझ्या केबलमधून आलेलीच नाही.

मेनूत एक सोय आहे: बिंदू विरळ करा.
एक क्लिक. नाही केली.
करवत तशीच वाजवली, आणि ते चौदा जण
डेकवर टोप्या काढून कुडकुडत उभे राहिले.
अख्ख्या चित्रपटात इतकं खरं काही नव्हतं.

फोन त्याच्या मुलीने उचलला, मग त्याने.
"ओइवा, ते दात मी ठेवतेय."
पलीकडे कपबशी किणकिणली. थांबली. पुन्हा किणकिणली.
"तो भाव नाहीये, इम्पी. आजार आहे.
मला रेघ नीटच काढायची होती.
तू काढ."

तीनदा काढली. तिन्ही वेळा गुळगुळीत, मेलेली.
चौथ्यांदा त्याच्या दातांच्या मधोमध बघत गेले,
वरचं टोक सोडून, खालचं टोक सोडून,
आणि तिथे तोच काठ होता,
तसाच सावकाश चढणारा,
शवपेटी उचलतात तिथे जरा अडखळून
मग सोडून देणारा.
डावा हात चाकावर ठेवून मी त्याच्यामागून चालले.

शेवटी चाक शून्यावर आणायचं असतं,
नाहीतर पुढचा प्रसंग ओरडतच सुरू होतो.
ओइवाचं चाक शून्यावर पोचलं नव्हतं.
दोन, तीन, दोन, तीन,
स्वर केव्हाच विझल्यावरही पुढे नऊ सेकंद.
त्याच्यापुढे मी एक शून्य लिहिलं.
ती नऊ सेकंदं मात्र पुसली नाहीत.
तशीही ती ऐकू येत नाहीत.